शिरांच्या आजारांवरील उपचार शिकताना: पुण्यातील नवोदित डॉक्टरांसाठी एकास-एक मार्गदर्शन

पायांच्या फुगलेल्या शिरांवर उपचार करू इच्छिणाऱ्या तरुण डॉक्टरला आज यंत्र मिळवणे अवघड राहिलेले नाही. शीर आतून तापवून बंद करणारे लेसरचे किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीचे यंत्र दिवसापुरते भाड्याने मिळते, कंपनीचा माणूस ते शस्त्रक्रियागृहात जोडून देतो आणि शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत प्रमाणपत्रही हाती पडते. मात्र समोर उभ्या असलेल्या रुग्णाच्या कोणत्या शिरेवर उपचार करायचा, कोणती शीर तशीच राहू द्यायची आणि कोणत्या रुग्णाला औषध आणि पायावर दाब देणारा मोजा (स्टॉकिंग) देऊन घरी पाठवायचे, हे कार्यशाळेत कळत नाही. ते अनुभवी डॉक्टरच्या शेजारी बसून, त्याच रुग्णाकडे दोघांनी पाहून आणि मग मतभेदांवर बोलूनच कळते. हा लेख अशा एकास-एक मार्गदर्शनाची आखणी कशी करावी याविषयी आहे. तो प्रामुख्याने सर्वसाधारण शल्यचिकित्सक, रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण घेणारे डॉक्टर आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट यांच्यासाठी लिहिला असला, तरी जखमांची काळजी घेणाऱ्या परिचारिकांनाही त्यातील काही भाग उपयोगी पडेल.

पुण्यात या आजाराचे रुग्ण शोधावे लागत नाहीत. भोसरी-चाकणच्या कारखान्यात पूर्ण पाळी उभ्याने काढणारा कामगार, चौकातला वाहतूक पोलीस, मार्केट यार्डातला हमाल, वर्गात दिवसभर उभी असणारी शिक्षिका, खानावळीत गॅससमोरून न हलणारी स्वयंपाकीण, हे सगळे कधी ना कधी ओपीडीत येतात. रुग्ण इतके असताना शिक्षण मात्र तोकडे पडते, कारण पदव्युत्तर शिक्षणात अजूनही बराच भर जांघेत छेद घेऊन शीर बांधण्यावर आणि ती ओढून काढण्यावर असतो. अमेरिकेच्या औषध नियामकांनी रेडिओफ्रीक्वेन्सीला १९९९ मध्ये आणि लेसरला २००२ मध्ये मान्यता दिल्यापासून हा उपचार सोनोग्राफीच्या पडद्याकडे पाहून, सुईच्या छिद्रातून आणि स्थानिक भूल देऊन करण्याकडे वळला. म्हणजे ज्याला सोनोग्राफी येत नाही, त्याला हा उपचार येत नाही, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

मार्गदर्शक शोधण्याआधी

पहिली पायरी कागदावरची आहे. आपल्याला काय येते आणि काय येत नाही, हे नेमक्या शब्दांत लिहून काढावे. "शिरांचे काम शिकायचे आहे" असे म्हणून मार्गदर्शकाकडे जाणाऱ्याला तोही मोघमच उत्तर देणार. त्याऐवजी "जांघेतला सॅफेनोफेमोरल जोड (कातडीखालची शीर खोल शिरेला मिळते ती जागा) मला पडद्यावर ओळखता येतो, पण गुडघ्यामागचा जोड खात्रीने सापडत नाही, घोट्याजवळच्या जखमेवर चार थरांचे बँडेज मी कधी बांधलेले नाही, फोम स्क्लेरोथेरपी (शिरेत औषधाचा फेस सोडून ती बंद करणे) पाहिली आहे, केलेली नाही" असे लिहिले, की शिकण्याचा क्रम आपोआप समोर येतो.

दुसरी गोष्ट कायद्याची आहे आणि ती पुण्यात गांभीर्यानेच घ्यावी. गर्भलिंग निदानास प्रतिबंध करणारा १९९४ चा कायदा सोनोग्राफी यंत्राच्या प्रत्येक मालकाला लागू होतो. यंत्र फक्त पाय तपासण्यासाठी आहे, हा बचाव चालत नाही. यंत्राची आणि जागेची नोंदणी समुचित प्राधिकाऱ्याकडे करावी लागते, आणि छोटे यंत्र पिशवीत घालून या दवाखान्यातून त्या दवाखान्यात नेता येत नाही. त्यामुळे मार्गदर्शकाच्या केंद्रात प्रोब (सोनोग्राफी यंत्राचा पायावर फिरवायचा भाग) हाती घेण्यापूर्वी आपली पात्रता आणि आपले नाव त्या केंद्राच्या नोंदणीत बसते की नाही, हे तेथील जबाबदार व्यक्तीकडून लेखी विचारून घ्यावे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची आपली नोंदणी चालू आहे ना आणि व्यावसायिक दायित्वाच्या विम्यात हे नवे काम समाविष्ट आहे ना, हेही याच वेळी तपासावे.

मार्गदर्शक कोणाला करावे

ससून सर्वसाधारण रुग्णालय आणि त्याला जोडलेले बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, शहरातील इतर वैद्यकीय महाविद्यालये आणि मोठी धर्मादाय रुग्णालये येथे रक्तवाहिन्यांचे काम करणारे शल्यचिकित्सक भेटतात. व्हॅस्क्युलर सोसायटी ऑफ इंडिया आणि व्हीनस असोसिएशन ऑफ इंडिया यांच्या परिषदांमध्ये याच विषयात बुडालेले डॉक्टर एकत्र येतात, आणि तेथे व्याख्यानांपेक्षा चहाच्या वेळी झालेली ओळख पुढे अधिक उपयोगी पडते. मात्र नाव मोठे आहे म्हणून मार्गदर्शक चांगला, असे समीकरण मांडू नये.

पहिल्या भेटीत काही प्रश्न नम्रपणे, पण स्पष्टपणे विचारावेत. "सर, आपल्या रुग्णांची डॉपलर तपासणी आपण स्वतः करता का?" हा पहिला; डॉपलर म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. जो डॉक्टर दुसऱ्याने लिहिलेल्या अहवालावर विसंबून लेसर करतो, त्याच्याकडून हात चालवणे शिकता येईल, निर्णय शिकता येणार नाही. दुसरा प्रश्न, शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने आपण रुग्णांची पुन्हा सोनोग्राफी करता का. तिसरा, कोणत्या रुग्णांना आपण शस्त्रक्रिया नको म्हणून परत पाठवता. या तिसऱ्या प्रश्नाला चटकन आणि उदाहरणासह उत्तर देणारा मार्गदर्शक मिळाला, तर त्याच्याकडे जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. चौथा प्रश्न विचारायला थोडे धाडस लागते: आपल्याकडे बिघडलेल्या केसेस मला दाखवाल का? कातडी भाजलेली, पोटरी बधिर झालेली, शीर पुन्हा उघडलेली, गुठळी खोल शिरेत सरकलेली अशी एकही केस आपल्याकडे झाली नाही, असे सांगणारा डॉक्टर एकतर फार थोडे काम करतो किंवा रुग्णांना पुन्हा तपासत नाही.

यंत्र विकणाऱ्या कंपनीने पाठवलेला प्रशिक्षक आणि मार्गदर्शक यांत फरक करावा. यंत्र कसे सुरू करायचे, फायबर (शिरेत जाणारी लेसरची बारीक तार) कसा जोडायचा, पडद्यावर चूक दाखवली तर काय करायचे, हे कंपनीचा माणूस उत्तम शिकवतो आणि त्याचा तेवढा उपयोग जरूर करून घ्यावा. परंतु रुग्णाची निवड त्याला विचारू नये.

पैशांविषयीही सुरुवातीलाच बोलावे. मार्गदर्शकाने आपल्या वेळेचे शुल्क घेणे यात गैर काही नाही. ते ठरवून, पावती घेऊन द्यावे. मात्र "शिकवतो, पण तुझ्याकडचे रुग्ण माझ्याकडे पाठव आणि तुझा हिस्सा तुला मिळेल" असा प्रस्ताव आला, तर तो शांतपणे नाकारून दुसरा मार्गदर्शक शोधावा. रुग्ण पाठवण्यासाठी कमिशन देणे-घेणे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने निषिद्ध ठरवले आहे, आणि कट प्रॅक्टिसच्या पायावर शिकलेल्या डॉक्टरला पुढे आयुष्यभर शस्त्रक्रियेची गरज फुगवून पाहण्याची सवय लागते.

लेखी समजूत

एका पानाचा मजकूर पुरतो. किती महिने, आठवड्यातून कोणता दिवस, ओपीडी किती आणि शस्त्रक्रियागृह किती, शुल्क किती, रुग्णाची जबाबदारी कोणाची, आणि दोघांपैकी कोणालाही हे थांबवायचे असेल तर कसे थांबवायचे, एवढे त्यात असावे. आठवड्यातून ठरलेला एकच दिवस असला तरी चालेल, पण तो मोडू नये. सहा महिने दर गुरुवारी येणारा डॉक्टर पंधरा दिवस सलग येऊन गेलेल्या डॉक्टरपेक्षा अधिक शिकतो, कारण त्याला तेच रुग्ण पुन्हा भेटतात.

रुग्णाला शिकाऊ डॉक्टरची ओळख करून देणे आणि त्याची संमती घेणे हा या समजुतीचाच भाग आहे. "हे आमचे डॉक्टर आहेत, माझ्यासोबत शिकत आहेत, ते आपली तपासणी करतील आणि मी इथेच आहे, चालेल ना काका?" एवढे मराठीत विचारले, की बहुतेक रुग्ण मोकळेपणाने हो म्हणतात. शस्त्रक्रियेचा कोणता भाग कोण करणार, हे संमतिपत्रात लिहावे. एका प्रक्रियेसाठी दिलेली संमती दुसऱ्या प्रक्रियेला लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे लेसरच्या संमतीवर ऐन वेळी फोमही सोडून देणे हे शिकवणाऱ्यानेही करू नये आणि शिकणाऱ्याने पाहून गप्प बसू नये.

पहिले आठवडे: रुग्णाला उभे करून पाहणे

पहिल्या काही आठवड्यांत प्रोबलाही हात लावू नये, असे मी सुचवेन. रुग्ण काय बोलतो ते ऐकावे. "पाय भरून येतात", "संध्याकाळी पोटऱ्या दगडासारख्या होतात", "रात्री वांब येतात", "घोट्यापाशी खाज सुटते आणि कातडी काळी पडली आहे" ही वाक्ये केसपेपरवर रुग्णाच्याच शब्दांत लिहावीत, कारण तक्रार नेमकी कशाची आहे हे त्यांतून कळते. उभे राहिल्यावर वाढणारा आणि पाय वर घेतल्यावर कमी होणारा जडपणा शिरांकडे बोट दाखवतो. चालल्यावर ठरावीक अंतराने पोटरी धरणे आणि थांबल्यावर सुटणे धमनीकडे. कमरेपासून खाली उतरणारी कळ मणक्याकडे. गुडघा झिजलेल्या आजींच्या पायावर चार निळ्या शिरा दिसल्या म्हणून त्यांचे दुखणे शिरांचेच आहे, असे मानले तर लेसर यशस्वी होऊनही आजींचे दुखणे तसेच राहते. दोन्ही पायांवर सूज असेल, तर रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन चालू आहे का हे विचारावे. ही एक गोळी बदलल्याने उतरणारी सूज मी पुष्कळदा पाहिली आहे. हृदय, मूत्रपिंड, थायरॉइड आणि लसीकेची सूज यांचाही विचार त्याच बैठकीत व्हावा.

त्यानंतर रुग्णाला पायांवर नीट उजेड पडेल असे उभे करून, जांघेपासून घोट्यापर्यंत पुढून आणि मागून पाहावे. येथे सीईएपी वर्गीकरण हाती असावे. १९९४ मध्ये अमेरिकन व्हीनस फोरमच्या पुढाकाराने तयार झालेल्या आणि २०२० मध्ये सुधारलेल्या या पद्धतीत डोळ्यांना काय दिसते याचे सी-० ते सी-६ असे टप्पे आहेत: सी-१ म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा, सी-२ म्हणजे ३ मिलिमीटर किंवा त्याहून जाड फुगलेल्या शिरा, सी-३ सूज, सी-४ कातडीतले बदल, सी-५ भरलेली जखम आणि सी-६ उघडी जखम. मात्र हे वर्गीकरण रुग्ण सुधारतो आहे का हे मोजत नाही. त्यासाठी व्हीसीएसएस ही आजाराच्या तीव्रतेची गुणपद्धती वापरतात. तिच्यात दहा बाबींना ० ते ३ असे गुण देऊन एकूण ३० पैकी आकडा काढतात. उपचारापूर्वी आणि नंतर हा आकडा लिहिण्याची सवय पहिल्याच महिन्यात लावून घ्यावी.

मार्गदर्शनाची खरी पद्धत अशी असावी की, शिकणारा डॉक्टर रुग्णाला आधी एकटा पाहील, निदान आणि योजना कागदावर लिहील, आणि मगच मार्गदर्शक आत येईल. मार्गदर्शक आधी बोलला, की शिकणाऱ्याचे डोके काम करायचे थांबते. लिहिलेल्या योजनेवर मार्गदर्शकाने "का?" एवढेच विचारावे.

सोनोग्राफीचा प्रोब हाती घेणे

हा भाग सर्वांत जास्त वेळ मागतो, आणि तो द्यावा. शिरांतला उलटा प्रवाह पाहायचा असेल तर रुग्ण उभा हवा, तपासायचा पाय किंचित बाहेर वळवलेला आणि ढिला, वजन दुसऱ्या पायावर. रुग्णाला आडवे झोपवून "रिफ्लक्स (उलटा प्रवाह) नाही" असे लिहिलेल्या अहवालांवर विश्वास ठेवू नये. वयस्कर किंवा चक्कर येणाऱ्या रुग्णासाठी धरायला दांडा किंवा टेकायला टेबल असावे आणि शेजारी एक मावशी किंवा सिस्टर उभी असावी.

लिनिअर प्रोब जांघेत आडवा धरला की मांडीची मोठी शीर, तिला येऊन मिळणारी ग्रेट सॅफेनस शीर आणि शेजारची धमनी असे तीन गोल एकत्र दिसतात. तेथून खाली सरकताना सॅफेनस शीर दोन पातळ आवरणांच्या मध्ये, डोळ्यातल्या बुबुळासारखी दिसते. हा डोळा दिसेनासा झाला आणि शीर कातडीकडे वर आली, की समजावे आपण आता मुख्य शिरेवर नसून फांदीवर आहोत. नवशिक्याचा सर्वांत मोठा गोंधळ इथेच होतो, आणि फायबर कुठपर्यंत घालता येईल हे यावरच ठरत असल्यामुळे मार्गदर्शकाने या एका बाबीवर कितीही वेळ घालवला तरी तो वाया जात नाही.

प्रत्येक ठिकाणी पोटरी दाबून सोडावी आणि प्रवाह किती वेळ उलटा राहतो ते मोजावे. कातडीखालच्या वरवरच्या शिरांत ०.५ सेकंदापेक्षा जास्त, आणि मांडीच्या व गुडघ्यामागच्या खोल शिरांत १ सेकंदापेक्षा जास्त उलटा प्रवाह हा आजार मानतात. परफोरेटर शिरेचे, म्हणजे वरवरची आणि खोल शीर जोडणाऱ्या शिरेचे, फक्त असणे हा दोष नाही, ३.५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद, ०.५ सेकंद किंवा अधिक काळ बाहेर रक्त फेकणारी आणि भरलेल्या वा उघड्या जखमेच्या खाली असलेली परफोरेटर शीर उपचारायोग्य समजतात. खोल शिरा दाबून पाहिल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली, असे कधीही म्हणू नये. वरवरच्या फुगलेल्या शिरा काही वेळा बंद झालेल्या खोल शिरेचा पर्यायी मार्ग असतात. तो मार्गच बंद केला तर पायाचे नुकसान होते.

शिकण्याचा एक व्यायाम आग्रहाने सांगावासा वाटतो. एकाच रुग्णाची तपासणी आधी शिकाऊ डॉक्टरने आणि नंतर मार्गदर्शकाने स्वतंत्रपणे करावी. दोघांनी एकमेकांचा कागद न पाहता पायाच्या छापील आकृतीवर शिरांचा नकाशा काढावा, उलटा प्रवाह लाल शाईने, सरळ निळ्याने, रुंदी मिलिमीटरमध्ये. मग दोन्ही नकाशे टेबलावर शेजारी शेजारी ठेवावेत आणि जेथे फरक दिसेल, तेथे रुग्णाला पुन्हा उभे करून दोघांनी मिळून पाहावे. सलग काही रुग्णांत उपचाराची योजना बदलेल असा एकही फरक राहिला नाही, की पुढच्या पायरीचा विचार करावा. तोपर्यंत लेसर वाट पाहू शकते.

शस्त्रक्रियागृहात

येथे काम तुकड्यांत शिकावे. आधी काही केसेस केवळ पाहाव्यात. मग सोनोग्राफीखाली सुई शिरेत घालणे, मग शिरेभोवती ट्युमेसंट द्रव भरणे, मग शिरेत घातलेल्या फायबरच्या किंवा कॅथेटरच्या (बारीक नळीच्या) टोकाची जागा ठरवणे, आणि शेवटी सगळे एकत्र. यांपैकी ट्युमेसंट द्रव भरणे हे कंटाळवाणे वाटले तरी महत्त्वाचे आहे. हा द्रव भूल देतो, शीर आक्रसवतो, आणि कातडीला व मज्जातंतूंना उष्णतेपासून दूर ठेवतो. शीर कातडीपासून निदान १ सेंटिमीटर खाली ढकलली गेली पाहिजे. रुग्णाच्या वजनानुसार लिग्नोकेनची (द्रवातल्या भुलीच्या औषधाची) कमाल मात्रा आधीच काढून फळ्यावर लिहावी आणि किती वापरले हे सिस्टरने मोठ्याने सांगत राहावे.

उष्णतेच्या टोकाची जागा जांघेतल्या जोडापासून सुमारे २ सेंटिमीटर खाली ठेवतात, आणि ती ट्युमेसंट भरून झाल्यावर पुन्हा एकदा तपासतात, कारण द्रव भरताना टोक सरकते. प्रचलित रेडिओफ्रीक्वेन्सी कॅथेटर ७ सेंटिमीटरचा तुकडा १२० अंश सेल्सिअसला २० सेकंद तापवतो. लेसरमध्ये हल्ली १४७० नॅनोमीटर तरंगलांबी आणि सर्व बाजूंना प्रकाश टाकणारा फायबर अधिक वापरतात, आणि खोलीतल्या प्रत्येकाच्या, रुग्णाच्याही, डोळ्यांवर त्या तरंगलांबीचा चष्मा असावा लागतो. गुडघ्याखाली सॅफेनस मज्जातंतू आणि पोटरीच्या मागे सुरल मज्जातंतू शिरेला अगदी लागून जातात. तेथे किती खाली उतरायचे, हा प्रश्न प्रत्येक केसमध्ये मार्गदर्शकाला विचारावा.

फोमसाठी टेसारी यांनी २००० मध्ये वर्णन केलेली पद्धत वापरतात: दोन सिरिंज, मध्ये तीन तोंडांची चावी, एक भाग औषध आणि चार भाग हवा, आणि सुमारे २० वेळा मागे-पुढे. एका बैठकीत साधारणपणे १० मिलिलिटरपेक्षा जास्त फोम वापरू नये असे युरोपीय मार्गदर्शक सूचना सांगतात. औषध चुकून धमनीत गेले तर पायाला गंभीर इजा होऊ शकते. म्हणून सुई शिरेतच आहे हे पडद्यावर दिसल्याशिवाय पिचकारी दाबायची नाही. ॲलर्जीच्या झटक्यासाठी ॲड्रिनॅलिन भरलेली सिरिंज हाताशी असावी.

या सगळ्यात एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: रुग्ण जागा असतो आणि तो आपले बोलणे ऐकत असतो. "अरे, हे काय केलेस!" असे मार्गदर्शकाच्या तोंडून निघाले, तर रुग्णाचा धीर तेथेच सुटतो आणि शिकणाऱ्याचा हातही थरथरतो. म्हणून दोघांनी काही साधी वाक्ये आधी ठरवून घ्यावीत. "जरा मला पाहू द्या" याचा अर्थ शिकणाऱ्याने हात तसाच स्थिर ठेवून जागा द्यायची. "इथे थोडे थांबूया" याचा अर्थ ऊर्जा बंद. मार्गदर्शकाने सूत्रे हाती घेतली, तर शिकणाऱ्याने त्याच क्षणी कारण विचारू नये. कारण नंतर, रुग्ण बाहेर गेल्यावर, सविस्तर सांगणे ही मार्गदर्शकाची जबाबदारी आहे. रुग्णाशी बोलत राहण्याचे काम शक्यतो एका सिस्टरकडे द्यावे.

न भरणारी जखम आणि बँडेज

घोट्याच्या आतल्या बाजूची, वर्षानुवर्षे भरत नसलेली जखम घेऊन येणारा रुग्ण हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत मोठा शिक्षक आहे. असे रुग्ण जळवा लावून, मलमे बदलून, कातडीरोपण करून दमलेले असतात. शिरेवर लवकर उपचार केल्याने जखम लवकर भरते, हे ब्रिटनमधल्या ४५० रुग्णांच्या एव्हरा चाचणीने २०१८ मध्ये दाखवले. लवकर उपचार झालेल्यांत जखम भरण्याचा मध्यक काळ ५६ दिवस होता, उशिरा उपचार झालेल्यांत ८२ दिवस. दोन्ही गटांत दाबपट्टी होतीच, हे या आकड्यांइतकेच लक्षात ठेवावे.

दाबपट्टी बांधण्यापूर्वी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब डॉपलरने मोजून त्यांचे गुणोत्तर काढावे. ते ०.५ च्या खाली असेल तर दाब द्यायचा नाही, रुग्णाला धमनीच्या उपचारासाठी पाठवायचे, ०.५ ते ०.८ या पट्ट्यात कमी दाब, तोही जाणकाराच्या देखरेखीखाली. मधुमेही रुग्णात गुणोत्तर १.३ च्या वर आले, तर धमन्या कडक झालेल्या असतात आणि तो आकडा खोटा दिलासा देतो, हेही शिकाऊ डॉक्टरने पाठ करावे.

प्रत्यक्ष बँडेज बांधणे मात्र डॉक्टरकडून नव्हे, सिस्टरकडून शिकावे. बोटांच्या मुळापासून सुरुवात, घोटा काटकोनात, टाच झाकलेली, प्रत्येक वेढ्यात सारखा ताण आणि निम्मा थर मागच्या थरावर. हे हातांना कळायला वेळ लागतो. मार्गदर्शन घेणाऱ्या डॉक्टरने ड्रेसिंगच्या खोलीत रीतसर तासिका लावून घ्यावी आणि "सिस्टर, मला शिकवा" असे म्हणायला संकोचू नये.

पुण्यात जून-जुलैच्या सुमारास एक प्रश्न हमखास येतो. आळंदीहून माउलींची आणि देहूहून तुकोबांची पालखी शहरात मुक्काम करून पंढरपूरकडे निघते, आणि जखम असलेले काका विचारतात, "डॉक्टर, वारी करू का?" नव्या डॉक्टरचे पहिले उत्तर "नको" असे असते. परंतु चालण्याने पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. चालणे हा या आजारात उपकारकच आहे. त्रास होतो तो भिजलेल्या पट्टीचा, चिखलपाण्याचा आणि तासन्‌तास एका जागी उभे राहण्याचा. जखम स्वच्छ असेल, धमनी ठीक असेल, तर जास्तीची बँडेजेस बरोबर देऊन, सोबतच्या नातेवाइकाला ती बांधायला शिकवून, वाटेवरच्या आरोग्य पथकांत ड्रेसिंग बदलून घ्यायला सांगून, मुक्कामी पाय उंच ठेवायला सांगून काहींना जाऊ देता येते. ताप, वाढती लाली किंवा दुर्गंधी असेल तर नाही. हा निर्णय रुग्णागणिक बदलतो, आणि तो मार्गदर्शकाच्या शेजारी बसून घेतलेला असेल तर पुढे एकट्याने घेताना हात आखडत नाही.

बिघडलेल्या केसवर बोलणे

महिन्यातून एकदा, ओपीडीच्या गडबडीबाहेर, दोघांनी त्या महिन्याच्या सर्व केसेस पुन्हा पाहाव्यात. उपचारानंतरच्या पहिल्या आठवड्यातली सोनोग्राफी, जांघेतल्या जोडाकडून खोल शिरेत डोकावणारी गुठळी, कातडीवरचे डाग, बधिरपणा, रुग्णाची नाराजी, सगळे वहीत असावे. पोटरी अचानक सुजून दुखू लागली किंवा दम लागला, तर रुग्णाने कोणाला आणि किती वाजता फोन करायचा, हे घरी सोडतानाच्या कागदावर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे. नसेल, तर तो कागद तयार करणे हे शिकाऊ डॉक्टरने स्वतःकडे घ्यावे.

दोन भेटींच्या मध्ये व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून सल्ला घेण्याची सवय आता सर्वांनाच आहे. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार एका नोंदणीकृत डॉक्टरने दुसऱ्याचा सल्ला घेणे मान्य आहे, पण अंतिम निर्णयाची जबाबदारी रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरचीच राहते. फोटोत चेहरा, नाव, केसपेपरचा क्रमांक येऊ देऊ नये, रुग्णाची परवानगी घ्यावी, आणि असे फोटो डॉक्टरांच्या मोठ्या गटांत टाकू नयेत. सल्ला विचारतानाही फक्त फोटो पाठवून "काय करू सर?" असे लिहू नये; वय, तक्रार, धमनीचे गुणोत्तर, नकाशा आणि आपला विचार लिहून मग विचारावे.

एकट्याने सुरुवात

कधी सुटे व्हायचे, हे केसेसच्या आकड्यावरून ठरवू नये. दोन नकाशांत फरक राहत नाही, लिहिलेल्या योजना मार्गदर्शकाला बदलाव्या लागत नाहीत, आणि गेल्या काही केसेसमध्ये त्याने हात घातलेला नाही, ही तीन लक्षणे एकत्र दिसली म्हणजे वेळ झाली. सुरुवात सरळ, फार जाड नसलेल्या, मांडीतल्या ग्रेट सॅफेनस शिरेपासून करावी. पूर्वी शस्त्रक्रिया झालेला पाय, गुडघ्यामागचा जोड, खोल शिरेतल्या जुन्या गुठळीचा इतिहास, धमनीच्या आजारासह असलेली जखम आणि ओटीपोटातल्या शिरेचा अडथळा, या केसेस पहिले वर्षभर मार्गदर्शकाकडेच न्याव्यात आणि शक्य असेल तेव्हा त्याच्यासोबत उभे राहावे.

स्वतःच्या दवाखान्याची तयारीही याच काळात होते: सोनोग्राफी यंत्राची नोंदणी, जैववैद्यकीय कचऱ्याची २०१६ च्या नियमांनुसार व्यवस्था, आपत्कालीन औषधांची पेटी, आणि रुग्णाला दाखल करावे लागले तर जवळच्या रुग्णालयाशी आधीच झालेले बोलणे. स्टॉकिंगचे माप घेणे दुकानदारावर सोपवू नये. घोटा आणि पोटरी सकाळी, सूज नसताना मोजून घ्यावी.

एकट्याने केलेल्या पहिल्या काही शस्त्रक्रियांच्या तारखा मार्गदर्शकाला आधी कळवून, त्या दिवशी तो पुण्यात आहे आणि फोन उचलू शकेल, याची खात्री करूनच रुग्णाला वेळ द्यावी. त्याच केसपेपरवर सहा महिन्यांची आणि वर्षाची सोनोग्राफीची तारीख त्याच दिवशी लिहावी, रुग्णाचा आणि घरातल्या आणखी एका व्यक्तीचा फोन नंबर घ्यावा, आणि तारीख चुकली तर दवाखान्यातून फोन कोण करणार हे नावानिशी ठरवून ठेवावे.